शेजारगावच्या आसरांना आमची ओटी

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या सासरच्या देवीच्या भेटीला मी घेऊन गेलो आणि भलत्याच गावच्या देवीसमोर नेऊन बसवलं.

चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरतं. करायला मात्र मला अख्खी सकाळ लागली, कारण ती मी अंदाधुंद केली नाही, रीतसर भूगोलाच्या आधारानं केली. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता गुडघे, साखर आणि वर्तमानपत्र एवढाच पसारा उरलेला आहे. पण कुणी नुसतं विचारलं, "सर, ही वाट कुठं जाते?" की बसल्या जागी ताठ होतो. लोकांच्या अंगात देवी येते, माझ्या अंगात नकाशा येतो.

अक्काचं सासर गोदावरीच्या काठचं, पैठणच्या वरच्या अंगाला. ती लग्न होऊन गेली तेव्हा धरणाचं काम सुरू झालेलं होतं. तिची नवलाई ओसरायच्या आत गाव उठलं आणि वर माळावर जाऊन बसलं. नव्या गावठाणात सिमेंटचं देऊळ झालं, पुढं फरशी बसली, वर भोंगा आला. साती आसरा मात्र खालीच राहिल्या. साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. मूर्ती वगैरे काही नाही. काठावर ओळीनं रोवलेले सात दगड, त्यांना शेंदूर, बस्स. आमच्याकडं नदीकाठच्या बहुतेक गावांना असे सात दगड असतात. त्या पाण्याच्याच आहेत तर त्यांना पाण्यातून हलवायचं कशाला, असं तेव्हाच्या जाणत्यांनी ठरवलं म्हणे. मला वाटतं उचलायचा कंटाळाही असेल. घरदार, दारं-चौकटी, कणग्या, म्हातारे सगळं बैलगाड्यांतून वर न्यायचं होतं.

तेव्हापासून ज्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली जातं, त्याच उन्हाळ्यात ते ठाणं उघडं पडतं. मग बायका खाली उतरतात, दगड धुतात, खण-नारळानं ओटी भरतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि घरातलं बरंवाईट त्यांच्या कानावर घालून येतात. आधीचा पावसाळा चांगला झाला असेल तर देवी पाण्याखाली. म्हणजे दर्शन हवं असेल तर दुष्काळ मागायचा, आणि पीक हवं असेल तर देवीला बुडवायचं. अक्कानं सगळा संसार ह्या पेचात काढला. तुळशीला पाणी घालताना "यंदा भरपूर पडू दे" म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. दाजी तिला चिडवायचे, "तुझी देवी अन माझा ऊस, दोघांतलं एक सांग." भाकरी थापायचा आवाज तेवढा मोठा व्हायचा.

माझं एक भाषण आहे. 'नदी, खडक आणि देव' असं त्याचं नाव. ते मी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दिलं, दोन-चार गणेश मंडळांत दिलं, आणि एकदा एका साखरपुड्यात जेवणं लांबली होती तेव्हाही दिलं. आपला मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि उरलंसुरलं आपल्याकडं येतं. तेही चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत फिरता भिक्खू ह्या काळ्या मातीतून चालणार कसा? पाय रुतणार. मग तो थांबला. थांबायचं तर छप्पर पाहिजे. लाकडाची चणचण, पण खडक म्हणाल तेवढा. म्हणून डोंगर कोरला. वेरूळ झालं, अजिंठा झालं. पैठणहून उत्तरेला जाणारी बैलांची वाट तिथून फार लांब नव्हती, तेव्हा दान देणारे व्यापारीही सापडले. चिखल नसता तर लेणी नसती, असं म्हणून मी थांबतो. तिथं टाळ्या अपेक्षित आहेत. मग पुढं, माळावर मेंढरं वळणाऱ्यांचे देव कसे चालते, घोड्यावर बसणारे, लांबून दिसावेत म्हणून टेकडीवर राहणारे. आणि नदीकाठी नांगर धरणाऱ्यांचे देव कसे बसके, जमिनीत रोवलेले, वर्षातून एकदा पुरानं पाय धुवायची वाट बघणारे. हवामान बदललं की देव बदलतो, हे माझं शेवटचं वाक्य.

पूर्वी हे बोलताना मला चढायचं. आता मधेच माझं मलाच कानावर पडतं आणि थकवा येतो. मागच्या वेळी भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. मी खूश झालो. ते म्हणाले, "सर, सगळं पटलं. फक्त नळाला पाणी कधी येणार तेवढं सांगा."

त्यांचं चुकलं असं नाही. सगळं शहर ज्या जायकवाडी धरणाचं पाणी पितं ते आमच्या नळाला आठवड्यातून एकदा दिसलं तरी नशीब. आमच्या गल्लीत एकादशी चुकेल, पाण्याचा वार चुकत नाही. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही, पाहुणा आला तर त्याला चहा मिळतो पण लक्ष मिळत नाही. ह्यावरही एक भाषण होईल. घरात बोलायची मात्र माझी छाती नाही.

ह्या उन्हाळ्यात ठाणं उघडं पडलं. मधली बरीच वर्षं पडलेलं नव्हतं. आणि नेमकं ह्याच उन्हाळ्यात अक्काचं इथलं आवरायचं ठरलं. दाजींचं एक अंग गेलं, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, फिजिओथेरपी वगैरे तिकडंच. अक्का मुकुंदवाडीतल्या, उतारवयात शहरात येऊन घेतलेल्या घराची झाकपाक करायला मागं राहिली होती. शनिवारी रात्री मुलगा गाडी घेऊन येणार, रविवारी पहाटे तिला घेऊन जाणार. कायमचं. कायमचं हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण तिनं जातं भावजयीला देऊन टाकलं, त्यावरून मी समजलो.

शुक्रवारी तिनं मला बोलावलं. पलंगावर हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ, हळकुंडं असं मांडून बसली होती.

"मला खाली नेऊन आण," ती म्हणाली. "एकदा सांगून यायचंय."

"काय सांगायचंय?"

"तुला सांगायचं असतं तर एवढ्या लांब कशाला गेले असते?"

मी म्हणालो उद्याच जाऊ. ती म्हणाली, दिराच्या मुलाला फोन करते, तो पैठणात असतो, त्याला वाट ठाऊक आहे. फोन तिच्या हातात होता. तो मी काढून घेतला. "अक्का, मी भूगोलाचा माणूस. माझ्याकडं वरून काढलेला नकाशा आहे. त्या पोराला कशाला उन्हात काढतेस?"

नकाशा होता, खोटं नाही. मोबाइलवर धरणाचं पात्र दिसत होतं, जुन्या नदीची वळणं दिसत होती, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या जुन्या गावांच्या जागा दिसत होत्या. नावं तेवढी नव्हती. नावं काय, ती मी तर्कानं भरणार होतो.

शनिवारी सकाळी निघालो. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, आज पाण्याचा दिवस आहे. दुपारच्या आत या, मोटर मला एकटीला उचलत नाही." मग अक्काचा हात धरला आणि सोडला. बिडकीनपर्यंत रस्ता खोदलेला, धूळ, डंपर. अक्का मांडीवर पिशवी धरून बसली होती. दहीभाताचा डबा तिनं मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. मी दोनदा भाषणाला सुरुवात केली, तिनं दोनदा काच खाली केली.

गाडी काठावर लावून आम्ही उतरलो. पाणी पार लांब गेलं होतं, उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. मधल्या गाळावर लोकांनी काकडी, टरबूज लावलेली. मेंढरांचा एक कळप गवतावर पसरला होता. मधूनमधून झाडांचे काळे बुंधे, घरांचे पाये, एखादी तुटकी पायरी. अक्का थांबली आणि डोळ्यांवर पदर घेऊन बघत राहिली. तिचं मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं पुण्यात व्हायचंय.

"वड नाय राहिला," ती म्हणाली. "वड असता तर मी डोळं झाकून गेले असते."

"मी आहे ना."

"ओढा लागला की पल्याड जायचं. एवढं मला पक्कं याद आहे."

ओढा लागला. म्हणजे एक रुंद, चपटा खड्डा लागला, वरून वाळलेला, तळाशी काळसर. मी नकाशा बघितला, नदीचं वळण बघितलं, कमरेवर हात ठेवला.

"अक्का, गाव अल्याड आहे."

"पल्याड."

"हे बघ, जुनी वस्ती नेहमी ओढ्याच्या तोंडाशी वरच्या अंगाला असते. मुरमाच्या उंचवट्यावर. खालच्या अंगाला पूर धडकतो, तिथं शहाणा माणूस घर बांधत नाही."

"पण ओढा ओलांडून आम्ही धुणं घेऊन यायचो की."

"तो ओढा वेगळा. गाळानं त्याचं तोंड सरकलंय."

"ओढा सरकतो व्हय?"

"सरकतो. नद्यासुद्धा सरकतात."

"अन गाव?"

"गाव कसं सरकेल?"

"मग गाव पल्याडच असंल की रे."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी मोठं उत्तर दिलं. गाळाचा वेग, बाहेरच्या वळणाची धूप, आतल्या वळणाची भर, सगळं सांगितलं. ऊन वाढत होतं. अक्काच्या गुडघ्यांना वाद परवडणारा नव्हता. ती म्हणाली, "चल बाबा. तू शिकलेला."

आणि खरोखर, थोडं चालल्यावर मुरमाचा उंचवटा लागला, आणि त्यावर ओळीनं सात दगड! मी ते बोटानं मोजले, मोठ्यानं, वर्गात मोजतात तसे. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. अक्कानं चपला काढल्या, जवळ गेली, एकेका दगडावरून हात फिरवला आणि शेवटच्यापाशी थबकली.

"धाकटी कुठंय?"

"कोण धाकटी?"

"शेवटची. ती लहान होती, एवढीशी. सासूबाई म्हणायच्या, धाकटीला आधी कुंकू लाव, ती रुसती."

सातही दगड एका उंचीचे होते. कुणालाही शंका आली असती. मला कारण सुचलं. मी म्हणालो, "इतकी वर्षं पाण्याखाली राहिल्यावर मोठे दगड गाळात खचतात, लहान दगड हलका म्हणून वर राहतो. सगळे सारखे दिसायला लागतात."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग दगडाकडं बघितलं. "वाढली म्हणायची," ती हळूच म्हणाली आणि खाली बसली.

तिनं बाटलीतल्या पाण्यानं सातही दगड धुतले, हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला, दहीभाताचे सात घास मांडले. मग पदर पुढं ओढून बोलायला लागली. मी लांब जाऊन उभा राहिलो. ऐकू येत नव्हतं, पाठ तेवढी दिसत होती. खूप वेळ बोलली. मधे रडली असावी, कारण खांदे हलले. मी पाण्याचे फोटो काढले, मग घरांच्या पायांचे, मग स्वतःचा एक. पुढच्या भाषणात हे फोटो दाखवायचे असं मनात आलं, हेही सांगून टाकतो.

तेवढ्यात गाळावरून ट्रॅक्टर आला. चालवायला एक तिशीचा माणूस, अंगात कंपनीचा शर्ट. मागं ट्रॉलीत त्याची आई आणि बायको. आई अक्काच्याच वयाची, पण दणकट, हातात सोन्याच्या पाटल्या, आवाज असा की ट्रॅक्टर बंद व्हायच्या आधीच ऐकू आला. तिच्याही हातात खण-नारळाची पिशवी.

"कुठल्या म्हणायच्या बाई तुम्ही?" तिनं अक्काला विचारलं.

अक्कानं डोळे पुसून गावाचं नाव सांगितलं.

त्या बाईनं पिशवी खाली ठेवली. दगडांपुढचा हिरवा खण बघितला. माझ्याकडं बघितलं. परत अक्काकडं.

"मग हितं कशा काय?"

"ओटीला आले."

"अवं, पण ह्या आमच्या हायेत."

ट्रॅक्टर मधेच एकदा खाकरून बंद पडला.

"तुमच्या पल्याड," बाईनं ओढ्याकडं हात केला. "तुमच्यात धाकटी बारकी हाय. आमच्या समद्या सारख्या. लहानपणापास्नं बघतोय आम्ही."

अक्कानं मान माझ्याकडं वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं. मी मोबाइल काढला, नकाशा मोठा केला, लहान केला, आडवा धरला. नकाशा बदलला नाही.

"काय झालं की," बाई ट्रॉलीच्या कडेला टेकून सांगायला लागली, "आमच्या साती अन तुमच्या साती पयल्यांदा एकत्रच राहायच्या. चौदाजणींचा एकच पाणवठा. एक डाव पाणी भरण्यावरनं भांडल्या. कुणाचा तरी हंडा कुणी तरी लवंडला. तवा तो जो लोट वाहिला, त्याचा हा ओढा झाला. तवापास्नं आमच्या तुमच्यांशी बोलत नायत."

मी जन्मभर शिकवत आलो, की ओढा असतो म्हणून तिथं देव होतो. इथं देवींच्या भांडणातून ओढा निघाला होता. आणि खरं सांगायचं तर ओढा कुठल्या अंगाला आहे हे तिच्या गोष्टीवरून नीट कळत होतं, माझ्या शास्त्रावरून कळलं नव्हतं.

"मी त्यांना समदं सांगून बसले," अक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"काय सांगितलं?"

"घरातलं."

"आरं देवा." बाईनं कपाळाला हात लावला. "आमच्यांच्या पोटात काय राहत नाय बघा."

तिची सून तोंडाला पदर लावून हसली. मग सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, असू द्या ना. खण किती चांगला आणलाय त्यांनी."

"असू द्या नाय तर काय. दिलेली ओटी परत घ्यायची नसती. आमच्या खातील की दहीभात, त्यांना काय, चांगलंच झालं." मग ती अक्काजवळ जाऊन बसली. "पण तुमच्यांचं काय आता? परत कधी येणार?"

"उद्या पहाटं पुण्याला चाललेय. मालकांचं एक अंग गेलंय. तिकडंच राहायचं आता." अक्का रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. "परत काय मी येत नाय. अन आले तरी पाणी कुठं माझ्यासाठी थांबतंय."

हे ऐकल्यावर मला भरपाईची घाई झाली. घाई झाली की माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते पुढं आहेच. मी विचारलं, पल्याड जायला दुसरी वाट आहे का? ट्रॅक्टरवाला म्हणाला, "वरून गेलं तर त्यांच्या ठाण्याच्या अलीकडं अजून पाणी साचलंय. सकाळी मासेमारांच्या तराफ्यावरनं जातात बाया. आता दुपारचं कुणी नसतं. वाट म्हणाल तर ह्या ओढ्यातनंच, पण आतून ओला आहे. परवा एक ट्रॅक्टर फसला."

"ट्रॅक्टर जड असतो," मी म्हणालो. "माणूस हलका."

"काका, नका."

"हे बघा, ह्या भेगा बघा. भेग जितकी रुंद, तितकी माती खोलवर वाळलेली. हा अगदी पहिला धडा आहे. मी पुढं जाऊन बघतो, मग अक्काला हाताला धरून नेतो."

अक्का म्हणाली, "राहू दे रे." ती खरंच दमली होती. मला वाटलं ती माझी काळजी करते आहे. मी पँट दुमडली आणि निघालो. पहिली पावलं छान पडली. पायाखाली खापरासारखी कडक पापुद्री वाजत होती. मी मागं वळून, बघा, असा हात केला. पुढचं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गेलो. तो पाय काढायला दुसऱ्यावर भार दिला, दुसरा मांडीपर्यंत. वरची पापुद्री वाळून चिरलेली आणि खाली लापशी. हाही धड्यात होता. त्याच पानावर, दोन ओळी खाली.

काळ्या मातीत पाय रुततो म्हणून भिक्खू थांबला, हे मी कितीदा सांगितलं असेन. भिक्खू शहाणा होता.

ट्रॅक्टरवाल्यानं दोर टाकला. तो, त्याची आई आणि त्याची बायको अशा तिघांनी मला ओढलं. सून हसत होती आणि ओढत होती, दोन्ही मनापासून. एक चप्पल गाळात राहिली. मी पोटावर सरपटत काठावर आलो तेव्हा खिशातला फोन वाजत होता. बायको. पाणी आलं होतं.

मी काठावर बसून चिखल निपटत राहिलो. वाळत चाललेल्या चिखलानं पाय आवळल्यासारखे झाले होते. अक्का ओढ्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. पल्याड काहीच दिसत नव्हतं. उन्हात थरथरणारी पांढरी जमीन आणि मागं पाणी.

"दिसतंय काय तुम्हाला?" बाईनं विचारलं.

"नाय."

"मला दिसतंय. त्या बुंध्याच्या डाव्या हाताला. हाक मारा."

"हाक?"

"मग? पयलं आपण काय करायचो? नदीच्या पल्याडच्या माणसाला फोन होता व्हय? लेक बाळंत झाली तरी काठावर उभं राहून हाकच मारायचो." अक्कानं रिकामी पिशवी छातीशी धरली. तेव्हा त्या बाईनंच तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आपल्या देवीच्या वैरिणींना अशी हाक घातली की मेंढरांनी माना वर केल्या. "अगं ए साती आयांनो! तुमची सून आलीया गं! चुकून आमच्याकडं बसली हुती!"

मग अक्कानं पदर खोचला. लग्नानंतर तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला.

"आयांनो! मी पुण्याला चाललेय! मालकांचा उजवा हात उचलत नाय, तेवढा उचलू द्या! चमचा धरता आला तरी बास!"

जरा दम घेतला. बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"लई वर्षं आले नाय! पाणी होतं! पाणी राहू द्या, माझं काय नाय, पण वावरं पिकू द्या! तिकडं कुठं ठाणं असंल तर मी बघीन! नसंल तर हितनंच ऐका!"

वाऱ्यावर तो आवाज किती लांब गेला ते मला सांगता येणार नाही. ध्वनी हा माझा विषय नव्हता. अक्कानं हात जोडले. मला वाटलं झालं. मी लंगडत उठलो, गाडीची किल्ली चाचपली. तिनं मान जराशी माझ्याकडं वळवली, चिखलात माखलेला मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत पल्याड तोंड करून हाक मारली.

"अन ओटी चुकली त्याचा राग धरू नका! भाऊ घेऊन आला होता! त्यानं मुद्दाम नाय केलं, त्याला येतच नाय! पण जन्मभर पोरं शिकवली त्यानं! ती बिचारी आता कुठंकुठं चुकत फिरत असतील, तेवढी घराला लावा!"